चार अंश

मी मोजते. देठ मोजते.
नैवाशाच्या तळ्याकाठी, प्लॅस्टिकच्या छताखाली,
कुठल्या बाईच्या हातून तासाला किती गुलाब गेले
ते माझ्या वहीत. अकरा वर्षं.
दूध कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

नेकेसा रजा संपवून परत आली
तेव्हा तिसऱ्या टेबलावर, दहाच्या सुमाराला,
हिरव्या एप्रनवर दोन ओले डाग उमटले
आणि वाढत गेले.
बाळ कुठेच नव्हतं.
कुणाच्या तरी मोबाइलवर मांजर ओरडलं होतं.
अंगाला काय कळतं, मांजर कुठलं नि मूल कुठलं.
ती काटे खुडत राहिली. मी नजर वहीत घातली.

मला ठाऊक आहे ते.
माझ्या वेळी खोली नव्हती. संडास होता,
आणि संडासाला रांग होती.
गाठी झाल्या, ताप चढला, छाती लेसोनं करकचून बांधली
आणि नवव्या वाफ्यात, पांढऱ्या गुलाबांच्या बुंध्याशी
वाकून पिळलं सगळं, मातीत.
त्या वाफ्याची फुलं कुठल्या देशात गेली, विचारू नका.
माझा ओन्गेरी बाटलीवर वाढला.
धडधाकट आहे. मोटरसायकल चालवतो.

खोली आली ती कायद्याचं बोट धरून.
तपासणीच्या पाहुण्यांसाठी
खोक्यांच्या कोठारात एक कोपरा रिकामा झाला,
खुर्ची आली, फ्रिज आला, भिंतीवर हसरं बाळ आलं.
दाराला कडी नव्हती.
पाहुणे गेले. मागोमाग फ्रिज गेला, साहेबांच्या ऑफिसात,
सोड्याच्या बाटल्या गार करायला.

कडी बसवायला किप्रोनो फिटर आला पान्हा घेऊन.
दोन नट आवळले, तिसरा सापडेना.
बाहेर तो, आत नेकेसा.
एक पान्हा लोखंडाचा, एक अंगावरचा,
आणि थांबायला दोन्ही तयार नाहीत.
हसलो आम्ही. नेकेसासुद्धा, हात छातीवर दाबून.

दूध ठेवायचं कुठे, ते ओडेरानं सोडवलं.
ओडेरा शीतगृहाचा माणूस,
कानटोपी घालून चार अंशांत दिवस काढतो, बोलतो कमी.
म्हणाला, कापलेलं फूल काय आणि हे काय,
तुटलं की घड्याळ सुरू.
वरची फळी पुसून दिली.
बादलीला लावतो तेच लेबल लावलं बाटलीला:
जात, लांबी, मुक्काम.
नेकेसानं जातीपुढे रेघ मारली.
लांबी: एकसष्ट सेंटिमीटर.
मुक्काम: सिमियू, करागिता, निळ्या टाकीच्या मागे.

जेरोटिच सुपरवायझर पेनानं माझी वही ठोकते.
दिवसातून दोनदा वीस मिनिटं, म्हणजे किती देठ गेले?
लिही, नुकसानीत लिही.
मी नवा रकाना आखला. पट्टी नव्हती, वाकडाच आला.
मिलिलिटर.
सोमवारी एकशे दहा. मंगळवारी नव्वद.
बुधवारी चाळीस, रात्रभर पोर तापलेलं.
गुरुवारी जेरोटिच आली ती आधी त्या रकान्याशी थांबली.
बोट ठेवलं, काही बोलली नाही.
बोटाचा ठसा अजून आहे तिथे, पानांच्या चिकाचा.

आता फेब्रुवारी येतोय.
जगाला एकाच दिवशी प्रेम आठवतं, तेही लाल.
शीतगृहात पाय ठेवायला जागा उरणार नाही,
वरची फळी मोकळी करा, असा निरोप येईलच.
ओडेरा म्हणतो, बघू.
खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आहे.
फळीला किल्ली नसते.

पाचला गेट उघडतं.
नेकेसा पिशवी पोटाशी धरून कडेला उभी राहते,
बर्फाची पुडी, दोन बाटल्या, वितळायला सुरुवात झालेली.
विमानतळाचा ट्रक वळतो, सावकाश, खूप सावकाश.
आधी फुलं जातात.